आईचं स्पॅनिश गाणं

आमच्या येलहंकाच्या घरात कुठलाही आवाज चौकशीशिवाय सुटत नसे. जंक्शनवर मालगाडी थांबली की तिचे डबे एकमेकांवर आदळत, सकाळी एअरफोर्सची विमानं डोक्यावरून जात, खालच्या मजल्यावर सरोजक्काच्या मिक्सरमध्ये चटणी फिरे, आणि या प्रत्येक आवाजाबद्दल अप्पांचं काहीतरी मत असे. ते एका सरकारी कारखान्यात तपासणी विभागात होते. भट्टीतून ओतून आलेले लोखंडाचे भाग त्यांच्यापुढे ठेवले जात आणि ते एका छोट्या हातोडीने त्यावर टक्‌ टक्‌ करून ऐकत. आवाज घंटेसारखा लांबत गेला तर माल चांगला, मध्येच बसला तर आत कुठेतरी तडा. नंतर मशीनवर तपासणी व्हायचीच, पण अप्पांनी बाजूला काढलेला तुकडा मशीनने चांगला ठरवला असं क्वचितच झालं, हे ते आम्हाला महिन्यातून एकदा तरी सांगत. घरीही ती सवय सुटायची नाही. आमच्या जुन्या गाडीतून चामराजपेटला आत्याकडे गेलो की मार्केटात नारळ, माठ, कुकर, जे दिसेल त्यावर बोटाचं पेर आपटून ते कान लावत, आणि दुकानदार कंटाळून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळत. चांगल्या वस्तूवर त्यांचा विश्वास बसत नसे. ज्यात खोट सापडली नाही ती त्यांच्या लेखी फक्त अजून न तपासलेली वस्तू होती.

मी तेव्हा सेकंड पीयूत होते, म्हणजे बारावीत. घरात आम्ही तिघंच. आमची मराठी आमच्यापुरती होती, तीन पिढ्या बेंगळूरात राहून अर्धी कानडी झालेली, सोलापूरकडचे पाहुणे हसून दुरुस्त करायचे तशी. आई ज्वारीच्या भाकऱ्या करायची, बरोबर हुळी, म्हणजे कानडी सांबार, कधी झुणका, आणि शनिवारी सरोजक्काकडून वाटी भरून येणारं मूगडाळीचं कोसंबरी. जेवताना आम्ही फार बोलत नव्हतो. पूर्वी बोलायचो. त्या वर्षात अप्पा बोलणं तोडायला लागले होते. आई काही म्हणाली की ते म्हणायचे, "तोंडातल्या तोंडात पुटपुटू नकोस." आम्ही दोघी स्वयंपाकघरात बोलत असलो तर दाराशी येऊन उभे राहत आणि विचारत, "काय चाललंय तुमचं?" काही नाही म्हटलं तर "काही नाही कसं? माझं नाव ऐकलं मी." आम्ही त्यांचं नाव घेतलेलं नसायचं. हळूहळू आम्ही बोलणं कमी केलं, आणि आम्ही बोलणं कमी केलं म्हणून त्यांचा संशय वाढला.

अशा घरात ते गाणं आलं.

पहिल्यांदा ते कधी ऐकलं ते मला नेमकं आठवतं, कारण मी आंघोळ करून केस पुसत होते आणि माझा हात आपोआप त्या ठेक्यात केस पुसायला लागला. स्वयंपाकघरातल्या मसाल्याच्या फळीवर आईचा मोबाईल उभा करून ठेवला होता. त्यातून एक संथ ठेका येत होता, धुम्‌, मग जरा थांबून तक-धुम्‌, मग पुन्हा धुम्‌, एखादा माणूस एका पायाने किंचित लंगडत पण अजिबात घाई न करता जिना चढतोय असा. त्यावर गिटारची दोन-तीनच तारांची खुडबुड, आणि मग पुरुषाचा आवाज. तो गात होता असं म्हणवत नाही. झोपेतून नुकता उठलेला माणूस उशीला तोंड लावून कुणालातरी समजावतो तसा तो बोलत होता, आणि वाक्याच्या शेवटी आवाज सोडून द्यायचा, जणू पुढचं समोरच्याला माहीतच आहे. भाषा कळत नव्हती. पण ते कशाबद्दल आहे हे कळायला भाषा लागत नव्हती. सतरा वर्षांच्या मला ते ऐकून कानामागे गरम झालं, आणि लगेच लक्षात आलं की हे माझी आई ऐकतेय. माझी आई, जी आयुष्यभर सकाळी भक्तिगीतं आणि संध्याकाळी बातम्या ऐकत आली, ती परातीतलं पीठ मळत हे ऐकत होती, आणि तिचा डावा पाय चपलेतून बाहेर निघून फरशीवर ठेक्यात दाबला जात होता आणि हळूच उचलला जात होता. पुन्हा दाबला, पुन्हा हळूच उचलला. तिचे डोळे अर्धे मिटलेले होते. मी दारातून मागे सरकले.

त्यानंतर ते गाणं रोज लागायला लागलं. दुसरं कुठलं नाही, तेच. भाकरी थापताना लागायचं, कपड्यांच्या घड्या घालताना लागायचं. भाकरी थापायचा तिचा जुना वेग मोडला. पूर्वी पटपट पटपट जायची, आता थाप पडायची, थांबायची, मग दोन पडायच्या. मी कॉलेजात मेघना नावाच्या मैत्रिणीला त्या गाण्याचा एक तुकडा ऐकवला. तिला अशा गोष्टी ठाऊक असायच्या. "रेगेटॉन आहे हे," ती म्हणाली. "पण फास्टवालं नाही, स्लो, रोमँटिक. पार्टीत अगदी शेवटी लावतात, कपल्स उरतात ना, तेव्हा. कुणाचं आहे?" मी म्हटलं, "शेजारणीचं." मी घरी येऊन मोबाईलमधल्या अॅपवर त्याचे शब्द मराठीत करून पाहिले. अॅपने सांगितलं, "सावली तुझी उशी माझी राहिली आहे." पुढे, "मी दार आहे, तू किल्ली नको विसरू." मी एवढ्यावरच थांबले. मला पुरेसं वाटलं.

अप्पांनी ते गाणं आठवडाभर सहन केलं. मग एका रविवारी ते बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते आणि आत गाणं चालू होतं, तेव्हा त्यांनी मला हाक मारली.

"हे धुमधुम कसलं आहे?"

"आई गाणं ऐकतेय."

"यात कुणी गात का नाही?"

मला वाटलं ते टोमणा मारतायत, याला गाणं म्हणायचं का, अशा अर्थाने. मी हसले. ते हसले नाहीत. पेपरची घडी घालून त्यांनी मांडीवर ठेवली आणि मला जवळ बसवलं. आवाज खाली आणला, म्हणजे त्यांना तसं वाटलं, प्रत्यक्षात सरोजक्कालाही ऐकू गेलं असेल. "गायत्री, तुझ्या आईत काहीतरी बदललंय. मी अठ्ठावीस वर्षं आवाज ऐकतोय. हा आवाज चांगला नाही. तू घरी असतेस. लक्ष ठेव." परीक्षेच्या अभ्यासाची सुट्टी लागली होती, ते सकाळी सहाला कारखान्यात जात, मी दिवसभर घरी. त्यांनी मला काम दिलं आणि मी ते घेतलं. आज लिहितानाही त्या होकाराची मला लाज वाटते. पण खरं सांगायचं तर मला त्याहून जास्त काहीतरी मोठेपणा वाटला होता. पहिल्यांदाच त्यांनी मला त्यांच्या तपासणी विभागात घेतलं होतं.

मी चांगलं काम केलं. आठवडाभरात मला कळलं की आई सोमवार, बुधवार, शुक्रवार अकराला बाहेर पडते, भाजीची पिशवी घेते, आणि साडेबाराला पिशवीत दोन-तीनच भाज्या घेऊन परत येते. त्या दिवशी ती साडी नेसत नाही, चुडीदार घालते. एकदा ती परत आली तेव्हा तिच्या कपाळावर घामाने केस चिकटले होते आणि चेहरा असा उजळलेला होता की मी विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काय व्हायचंय? ऊन आहे." आणि जाऊन घटाघटा पाणी प्यायली. शुक्रवारी सरोजक्का जिन्यात भेटली. तिने मला थांबवून कानडीत विचारलं, तुमच्याकडे कुणी पाहुणे आलेत का, न्यू टाऊनच्या मागच्या लेआउटमध्ये तुझी आई एका गाडीत बसलेली दिसली, शेजारी एक माणूस होता. "मला स्वल्प लांबूनच दिसलं," ती म्हणाली, म्हणजे तिने नीट पाहिलं होतं.

त्या दुपारी आई झोपली असताना मी तिचा मोबाईल उघडला. पासवर्ड माझीच जन्मतारीख होती. ते गाणं तिला कुणीतरी पाठवलं होतं. पाठवणाऱ्याचं नाव तिने 'टेलर' असं ठेवलं होतं. आमच्या टेलरबाईचं नाव मला माहीत होतं आणि त्या बाईंना मोबाईलवर लिहिता येत नव्हतं. खाली कानडीत, इंग्रजी अक्षरांत, संदेश होते. नाळे, म्हणजे उद्या, सव्वा अकरा, नेहमीची जागा. मग, काल फार छान झालं अक्का, भीती सोडून द्या. मग ते गाणं, आणि त्याच्याखाली, घरी हे ऐकत जा, म्हणजे घाई होणार नाही. मी ते तीन-चार वेळा वाचलं. फळीवरून धुम्‌ तक-धुम्‌ येत नव्हतं तरी मला ते ऐकू येत होतं, आणि त्या झोपाळू माणसाला आता चेहरा येऊ लागला होता.

मी ते अप्पांना सांगितलं. सगळं, संदेशांसकट. ते गच्चीवर तुळशीला पाणी घालत होते. पाणी कुंडीबाहेर वाहून त्यांच्या पायावर आलं तरी ते तांब्या ओततच राहिले. मला वाटलं होतं ते चिडतील, मग मी आईची बाजू घेईन, रडेन, असं काहीतरी मी मनात ठरवूनही ठेवलं होतं. ते चिडले नाहीत. "सोमवारी मी रजा टाकतो," एवढंच म्हणाले. "तू बरोबर ये."

सोमवारी ते नेहमीप्रमाणे सहाला डबा घेऊन निघाले आणि जंक्शनजवळच्या दर्शिनीत, इडली-कॉफीच्या छोट्या हॉटेलात, पाच तास बसून राहिले. आई बाहेर पडल्यावर मी त्यांना फोन केला. मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून त्या लेआउटकडे गेले. आखलेले प्लॉट, मधून रिकामे डांबरी रस्ते, विजेचे खांब होते पण घरं अजून उठायची होती. गवतात गाई चरत होत्या. दुसऱ्या वळणावर एक पांढरी छोटी गाडी उभी दिसली. काचा खाली होत्या आणि आतून ते गाणं येत होतं. उघड्या जागेत ते आणखी सावकाश वाटत होतं, ठेका रस्त्यावरून यायचा आणि आवाज मागून, वाऱ्याबरोबर. अप्पांनी स्कूटर स्टँडवर लावली. स्टँड दोनदा घसरला.

मग गाडी हलली. जागेवरून एक हिसका घेऊन पुढे गेली, थांबली, पुन्हा अलगद निघाली आणि सरळ आमच्या दिशेने यायला लागली. तेव्हा मला दिसलं की आई उजव्या बाजूला बसलीय, स्टिअरिंगवर दोन्ही हात, मान ताठ, आणि गाडीच्या पुढच्या काचेवर लाल रंगात मोठं एल चिकटवलेलं आहे. शेजारचा माणूस पस्तिशीचा, बारीक मिशीचा, हाताने हवेत ताल धरून म्हणत होता, "धुम्‌ला क्लच दाबा अक्का, आता सोडा, स्वल्प स्वल्प, गाण्याबरोबर, गाण्याच्या पुढे जाऊ नका." आमच्यापासून दहा पावलांवर आईने आम्हाला पाहिलं आणि गाडी बंद पडली. गाणं चालूच राहिलं.

तो ड्रायव्हिंग शिकवणारा मंजुनाथ होता. त्याचा अनुभव असा की बायका क्लच पटकन सोडतात आणि गाडी उड्या मारते, म्हणून त्याने हे एक संथ गाणं शोधून काढलं होतं आणि तो ते सगळ्यांनाच पाठवायचा. त्यालाही त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी तो खाली उतरून हात जोडून उभा राहिला, कारण अप्पांचा चेहरा पाहून त्याला काहीतरी उमगलं होतं. अप्पांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते खिडकीशी वाकले आणि आईला म्हणाले, "हे काय आहे?"

"गाडी शिकतेय."

"कुणाला विचारून?"

आईने गिअर न्यूट्रलला आणला. मग म्हणाली, "मागे बसा. दोघंही. घरापर्यंत मी नेते."

आम्ही का बसलो ते मला सांगता येणार नाही. कदाचित तिने आयुष्यात पहिल्यांदा अप्पांना बसा असं त्या सुरात सांगितलं होतं म्हणून. मंजुनाथ तिच्या शेजारी बसला, त्याने गाणं बंद करायला हात पुढे केला तर आई म्हणाली, "राहू दे, त्याशिवाय मला जमत नाही." गाडी निघाली. स्कूटर तिथेच मागे राहिली. लेआउट संपून मोठा रस्ता लागला तशी ती आणखी हळू चालवायला लागली. अप्पा खिडकीबाहेर बघत होते. समोरच्या आरशात आईचे डोळे दिसत होते, आणि ते भरून आले होते. स्पीकर आमच्या मागेच होता, ठेका पाठीत लागत होता. एका सिग्नलला गाडी थांबली तेव्हा आई समोर बघतच म्हणाली, "अहो, तुम्हाला डाव्या कानाने ऐकू येत नाही. किती दिवस लपवणार आहात?"

मी अप्पांकडे पाहिलं. त्यांचे डोळे आरशातल्या तिच्या डोळ्यांवर होते. मग त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. सिग्नल सुटला, मंजुनाथ अगदी हळू म्हणाला, "क्लच, अक्का," आणि आम्ही घरी आलो.

संध्याकाळी आईने मला सगळं सांगितलं. चार महिन्यांपूर्वी आत्याकडून परतताना मार्केटजवळच्या वळणावर मागून बस हॉर्न देत आली होती आणि अप्पांनी आमची गाडी तिच्याच पुढे वळवली होती. मी मागे हेडफोन लावून बसले होते, मला फक्त धक्का आठवत होता आणि बसवाल्याच्या शिव्या. आईने तो हॉर्न पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला होता आणि अप्पांच्या चेहऱ्याकडे पाहिलं होतं. त्यांनी तो ऐकलाच नव्हता. त्यानंतर ती लक्ष ठेवायला लागली. कुकरची शिट्टी, दाराची बेल, तिची हाक. आणि मग, त्यांना विचारायची हिंमत होईना, म्हणून तिने गाडी शिकायला घेतली. "त्यांना विचारलं असतं तर त्यांनी कारण विचारलं असतं," ती म्हणाली. "आणि कारण सांगितलं असतं तर त्यांना वाटलं असतं, मी कारखान्यात कुणाला सांगेन. त्यांचा कान गेला म्हणजे त्यांचं काय राहिलं?" मी तिची क्षमा मागितली. तिने मान हलवली, म्हणजे ठीक आहे असं नाही, ऐकलं एवढंच. मोबाईलचा पासवर्ड तिने दुसऱ्या दिवशी बदलला.

"आता मी एकदा बोलले," ती म्हणाली. "उत्तर त्यांनी द्यायचं. मी पुन्हा विचारणार नाही."

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे मला शेवटी त्या एका दुपारपाशी थांबता येईल. अप्पांच्या कानांची तपासणी झाली, डाव्याचं फार गेलं होतं, उजव्याचं जायला लागलं होतं, बारीक उंच आवाज आधी गेले होते आणि जाड खालचे उरले होते. त्यांनी स्वतः साहेबांना सांगितलं, आणि त्यांना कागदपत्रांच्या टेबलावर बसवलं, ते त्यांना कधीच आवडलं नाही. यंत्र लावल्यावरही संशयाची सवय पूर्ण गेली नाही, पण आता ते विचारत, आणि आम्ही मोठ्याने सांगत असू. आई लायसनच्या परीक्षेत एकदा नापास झाली, दुसऱ्यांदा पास. मला स्वतःला गेली काही वर्षं दोन्ही कानांत यंत्र लागतं. भोवतीची माणसं हळू बोलत असली की ती आपल्याविरुद्ध काहीतरी ठरवतायत असं किती सहज वाटतं, हे आता मला आतून कळतं.

पण त्या सोमवारनंतरचे तीन आठवडे वेगळेच होते. अप्पा अचानक फार चांगले वागायला लागले. इतके चांगले की आम्हा दोघींना भीती वाटायला लागली. ते जेवून स्वतःचं ताट घासून ठेवत. आईच्या भाकरीला छान झालीय म्हणत, लग्नानंतर असं त्यांनी कधी म्हटलं असेल तर मला माहीत नाही. एका सकाळी त्यांनी कपाटातून बँकेचे आणि घराचे कागद काढले, एका पिशवीत घातले आणि ती पिशवी आईच्या साड्यांवर ठेवून दिली. आईने ती पाहिली आणि पलंगावर बसून राहिली. "हे कुठे चाललेत?" तिने मला विचारलं. तिला वाटलं की त्यांना कुठलातरी मोठा आजार झालाय आणि ते सांगत नाहीयेत. मला वाटलं की ते घर सोडून जाणार आहेत. गाणं आईने बंद केलं होतं, मंजुनाथकडे जाणंही. घरात इतकी शांतता होती की जंक्शनवरच्या घोषणा शब्दन्‌शब्द ऐकू येत, मला आणि आईला. संशय घ्यायच्या बाबतीत त्या घरात आता तिघंही तयार झालो होतो, आणि जी एक साधी शक्यता होती ती कुणाच्याही डोक्यात आली नाही.

मग तो शनिवार. मी गच्चीवर पुस्तक घेऊन बसले होते, परीक्षा चार दिवसांवर होती. अप्पा कारखान्यातून आले, कपडेही न बदलता वर आले, आणि माझ्यासमोर पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसले. त्यांच्या शर्टाच्या खिशाला शाईचा डाग पडला होता, तो ते अंगठ्याने चोळत होते.

"गायत्री," ते म्हणाले, "त्या दिवशी गाडीत. सिग्नलला. तुझी आई मला काहीतरी म्हणाली."

"हो."

"तू ऐकलंस?"

"ऐकलं."

"कधी जायचं म्हणतेय ती?"

मला कळेना. "कुठे जायचं?"

"तेच ना. कुठे, ते मला ऐकू आलं नाही." ते माझ्याकडे बघत नव्हते. "मागे ते धुमधुम चालू होतं. हल्ली मला तेवढंच ऐकू येतं. तिचे डोळे दिसत होते. मला वाटलं ती म्हणाली, आता मी इथे राहत नाही. असं म्हणायला तिला कारण आहे. मी तिच्यामागे पोरीला लावलं. मी काही ती जाऊ नये म्हणून अडवणार नाही, फक्त तारीख कळली असती तर बरं झालं असतं. रोज कारखान्यातून येताना वळणावरून बघतो, स्वयंपाकघराची खिडकी उघडी आहे की नाही."

तीन आठवडे. रोज दुपारी ते त्या वळणावर थांबत होते. मला रडू आलं आणि मी ते आवरलं, कारण मी रडत बोलले असते तर त्यांना शब्द कळले नसते. मी पुस्तक खाली ठेवलं, त्यांच्या अगदी समोर जाऊन उकिडवी बसले आणि एकेक शब्द सुटा करत आई काय म्हणाली होती ते सांगितलं. डाव्या कानाने ऐकू येत नाही. किती दिवस लपवणार आहात.

ते माझ्या ओठांकडे बघत होते. माझं सांगून झालं तरी बघत राहिले.

"एवढंच?"

"एवढंच, अप्पा."

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी मान हलवली, गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि जिना उतरून खाली गेले. मी मागोमाग गेले, पण दाराशीच थांबले. आई ओट्याशी पाठमोरी उभी राहून शेंगदाणे पाखडत होती. तिला ते आल्याचं कळलं, तिचे खांदे ताठ झाले, पण तिने वळून पाहिलं नाही.

"उषा," अप्पा म्हणाले, नेहमीप्रमाणे गरजेपेक्षा खूप मोठ्याने, खाली सरोजक्काला सहज ऐकू जाईल असं. "डाव्याने काहीच नाही. उजव्याने अजून येतं थोडं."

सुपातले शेंगदाणे थांबले. आईने सूप ओट्यावर ठेवलं, पदराला हात पुसले. मग ती त्यांच्या समोरून वळसा घालून त्यांच्या उजव्या बाजूला गेली, आणि तिथे उभी राहून बोलायला लागली.